लाकडी टबाच्या झाकणाची कडी: एका तक्रारीचा माग

तक्रार एका वाक्याची होती: "कडी लावली तरी झाकण हलतं." टब पीठ साठवायचा, उभ्या फळ्यांचा आणि बाहेरून दोन पोलादी पट्टे आवळलेला. आत बसणारं गोल झाकण आणि दोन बाजूंना दोन टॉगल कड्या. टब वापरणाऱ्या बाईंना नवी, जास्त घट्ट कडी हवी होती. त्यांना पहिल्यांदा मीही तेच सांगणार होतो, कारण कडी सैल असेल तर ती बदलायची, असं हाताला वळण पडलेलं असतं. ती बदलली असती तर दोन महिन्यांत टब परत आला असता, आणि चूक कुठे आहे हे मला तेव्हाही कळलं नसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी टॉगल कडीबद्दल थोडं. तिचे तीन भाग असतात. टबाला पक्की केलेली मूठ, मुठीला जोडलेला तारेचा फास आणि झाकणावरचा हूक. फास हुकात अडकवून मूठ खाली दाबली की फास ताणला जातो. मुठीची खीळ, फासाची खीळ आणि हूक हे तिन्ही बिंदू एका रेषेत येतात तेव्हा ताण सर्वांत जास्त असतो. मूठ त्या रेषेच्या किंचित पलीकडे, मिलिमीटर-दोन मिलिमीटर गेली की तोच ताण मुठीला आत ओढून धरतो आणि कडी आपोआप बंद राहते. कडीची सगळी करामत त्या एवढ्याशा ओलांडण्यात आहे. मूठ आणि हूक यांच्यातलं अंतर जरा जास्त झालं तर मूठ रेषा ओलांडतच नाही. जरा कमी झालं तर ती ओलांडते, पण फासात ताण नसतो. मग मूठ खुळखुळते आणि टब हलवला की उघडते.

या टबात दुसरी अवस्था होती. फास हुकात ठेवून मूठ बंद केली तरी फासाला वर-खाली दोन मिलिमीटर मोकळीक होती.

मापं घेतली. झाकण व्हाइट ओकच्या तीन फळ्या कडेला कड चिकटवून केलेलं, २० मिमी जाड. टबाच्या वरच्या कडेला आतून पायरी काढलेली होती आणि झाकण त्या पायरीवर बसत होतं. पायरीचा व्यास ३८४ मिमी. झाकणाचा व्यास लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने मोजला तर बरोबर ३८० भरला. रेषेला आडवं मोजलं तर ३७४.

म्हणजे गोल झाकण गोल नव्हतं. लाकूड सुकताना रेषेला आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ अजिबात नाही, हे प्रत्येक सुताराला ठाऊक असतं. तेव्हा पहिला अंदाज असा की झाकण सुकून लंबगोल झालं. पण ओलावामापकाच्या सुया टोचल्या तर काटा ८ टक्क्यांवर. हे टब मीच केलेले. झाकण कापतानाचा ओलावा माझ्या वहीत लिहिलेला असतो, आणि तिथेही ८ टक्केच होता. ओलावा तोच, मग सहा मिलिमीटर गेले कुठे?

झाकण खिडकीशी धरून कड बघितली. रेषेच्या टोकांकडची कड करवतीनंतर घासून गुळगुळीत केलेली, माझ्या हातची. आडव्या बाजूंच्या दोन कमानींवर मात्र रंध्याच्या पात्याचे सपाट वार स्पष्ट दिसत होते.

मी विचारलं, "झाकणाला रंधा मारलाय का?"

त्या म्हणाल्या, "हो, ओल्या दिवसांत अडकायला लागलं, म्हणून मीच मारला. चुकलं का काही?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अडकणारं झाकण सोडवायचा तोच मार्ग समोर होता. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी विचारली नसती तर कळलीच नसती. अडकायच्या दिवसांत कडीची मूठ खाली बसेना, म्हणून त्यांनी पक्कड घेऊन दोन्ही हूक खाली वाकवले होते. आज दिसणारा सैलपणा हा ओल्या हंगामात केलेल्या दोन दुरुस्त्यांचा परिणाम होता. तक्रार कोरड्या दिवसांत आली, पण तिचं मूळ ओल्या दिवसांत होतं.

हिशोब

इथे थोडं गणित लागतं, आणि ते टाळू नये. व्हाइट ओकमध्ये ओलावा एक टक्क्याने बदलला की ओंडक्याच्या वर्तुळांना स्पर्श करणाऱ्या दिशेने लाकूड साधारण ०.००३६५ पट हलतं. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने ते ०.००१८ पट हलतं, जवळपास निम्मं. लांबीत होणारा बदल इतका थोडा की या कामात तो सोडून दिला तरी चालतो.

झाकणाच्या फळ्या वर्तुळांना स्पर्श करत चिरलेल्या होत्या. ओंडक्यातून तशा फळ्या रुंद आणि कमी वाया जाऊन निघतात, म्हणून मी त्या घेतल्या होत्या. ओलावा ८ वरून १४ टक्क्यांवर गेला तर ३८० × ०.००३६५ × ६, म्हणजे ८.३ मिमी. दोन्ही बाजूंना मिळून मी ठेवलेली मोकळीक होती ४ मिमी. झाकण फुगून पायरीच्या भिंतीला भिडलं, पुढे जायला जागा उरली नाही, मग ते कडेवर चढलं. वर चढलेल्या झाकणावरचा हूक फासाच्या आवाक्याबाहेर गेला. म्हणून मूठ बसेना. कडी मुळात बरोबर होती.

टब का फुगला नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. उभ्या फळ्याही ओलावा घेतात. पण त्यांना बाहेरून पोलादी पट्टे असतात. फळ्या फुगायला बघतात आणि एकमेकींवर दाबल्या जातात, सांधे घट्ट होतात, व्यास मात्र जवळपास तोच राहतो. मोकळ्या लाकडाचं झाकण आणि बांधलेल्या लाकडाचा टब ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसं आहेत. त्यांची गाठ कडीने मारायची असते, तेव्हा दोघांचे स्वभाव आधी समजून घ्यायला हवेत. मी झाकण करताना टबाचं माप घेतलं आणि ऋतूचं घेतलं नाही.

गणितावर विसंबून पुढचं काम करणं मला पटेना. त्याच ओंडक्याच्या उरलेल्या फळ्यांतून तसंच एक झाकण केलं आणि बंद खोक्यात ठेवलं. खोक्यात ताटलीभर मीठ इतकं ओलं करून ठेवलं की पाण्याखाली न विरघळलेलं मीठ शिल्लक राहावं. अशा संपृक्त मिठाच्या पाण्यावरची हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते, आणि त्या हवेत लाकूड १४ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, तिला यंत्र लागत नाही. पाच आठवड्यांनी झाकण साडेसात मिलिमीटर रुंदावलं होतं. हिशोबापेक्षा थोडं कमी, कारण २० मिमी जाडीच्या मधोमध ओलावा अजून पुरता पोचला नव्हता. मूळ टबावर ठेवून बघितलं तर झाकण एका बाजूला तीन मिलिमीटर वर राहत होतं. तिथे अंदाज संपला आणि खात्री झाली.

आणखी दोन दोष

झाकण उलटं केलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. वरच्या बाजूला मी वॉर्निश दिलं होतं, खालची बाजू अन्नाकडे म्हणून कोरी ठेवली होती. हेतू चांगला होता. पण एक बाजू ओलावा पटकन घेते आणि दुसरी सावकाश, मग फळी बाक धरते. इथे बाक मिलिमीटरभरच होता, तरी किड्यांचा विचार केला तर मिलिमीटर फार होतो. पिठातला लाल भुंगेरा ३ ते ४ मिमी लांब असतो, पण अंड्यातून नुकती निघालेली अळी मिलिमीटरभरच असते. नवं झाकण दोन्हीकडून कोरंच ठेवलं.

दुसरा दोष मुठीच्या बैठकीखाली होता. कड्या जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाच्या, आणि स्क्रूच्या भोवती ओकमध्ये निळसर काळे डाग पसरलेले. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. मुलामा गेला की लोखंड ओल्या टॅनिनशी मिळून शाईसारखा काळा रंग धरतं. शिवाय ओकमधलं आम्ल लोखंडाला हळूहळू खातं. एक स्क्रू मी बोटांनीच फिरवून काढला. १८ मिमी जाडीच्या फळीत १२ मिमीचा स्क्रू, त्याहून बराच लांब घेतला तर टोक आत पिठात निघतं. दर वेळी कडी लावताना तो वर ओढला जातो, आणि दर ऋतूत भोवतालचं लाकूड फुगून-आकसून त्याची पकड सैल करतं. इतक्या तुटपुंज्या पकडीवर कडीचा सगळा ताण टाकणं हेच चुकीचं होतं.

पहिला प्रयोग

पहिल्यांदा मी नवं झाकण केलं, कड्या त्याच प्रकारच्या पण ३०४ दर्जाच्या स्टेनलेसच्या घेतल्या. (आत मीठ लावलेलं काही साठवायचं असतं तर ३१६ घेतलं असतं, त्यातलं मोलिब्डेनम मिठाने पडणारे बारीक खड्डे रोखतं.) झाकणाच्या फळ्या त्रिज्येच्या दिशेने चिरलेल्या निवडल्या. त्यामुळे रुंदीतला बदल ८.३ वरून ४.१ मिमीवर आला. झाकण पायरीत बसवायचं सोडून कडेच्या वर ठेवलं आणि खालून चार लाकडी खुंट्या लावल्या, कडेपासून चांगल्या आत, म्हणजे झाकण सरकणार नाही आणि फुगलं तरी कशाला भिडणार नाही. जुनी पायरी सपाट करून तिच्या जागी खाचेत आतून पोकळ असलेलं ८ मिमीचं सिलिकोन रबर बसवलं. फळ्या बाकू नयेत म्हणून वर मधोमध, रेषेला आडवी, २० मिमी जाडीची आडपट्टी दिली. आडपट्टीला मध्ये एक स्क्रू घट्ट आणि टोकांना लांबट भोकांतून दोन सैल, म्हणजे खालच्या फळ्यांना हलायला वाव. तिन्ही स्क्रू घट्ट केले असते तर झाकण कधीतरी तडकलंच असतं. हूक आडपट्टीच्या दोन टोकांवर लावले, कारण आडपट्टीची लांबी ऋतूबरोबर बदलत नाही.

माझ्या मते हे उत्तर होतं. मिठाच्या खोक्यातून आणलेलं नवं झाकण बसवलं तेव्हा मूठ दाबायला दोन्ही हात लागले. मग तेच झाकण मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त पाण्याच्या खोक्यात, म्हणजे ३३ टक्क्यांच्या आसपासच्या कोरड्या हवेत, सुकवलं आणि पुन्हा बसवलं. मूठ हलक्या बोटाने बसली, रबर जेमतेम दबलं.

यात नेमकं काय झालं, हे समजायला मला एक दिवस लागला. त्रिज्येच्या दिशेने चिरलेली फळी रुंदीला कमी हलते, पण मग जास्त हलणारी दिशा तिच्या जाडीत येते. झाकणाचे २० आणि आडपट्टीचे २०, मिळून ४० मिमी, गुणिले ०.००३६५, गुणिले ६: जवळपास ०.९ मिमी. रुंदीचा त्रास अर्धा करताना उंचीचा त्रास मी दुप्पट केला होता. उभ्या फळ्यांची उंची रेषेच्या दिशेने असल्याने ती हलत नाही. सगळे ०.९ मिमी थेट कडीवर येतात.

०.९ मिमी ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. ताणकाटा लावून मोजलं तेव्हा फास हुकाला टेकल्यापासून पूर्ण ताणला जाईपर्यंत त्याची वाढ ०.४ मिमी होती. म्हणजे पोलादी कडीचं सगळं जग त्या ०.४ मिमीत आहे. लाकूड त्याच्या दुप्पट हलतं. रबर थोडं सावरून घेतं, पण ते ताठ कडीपुढे तेवढंच दबतं जेवढं कडी त्याला दाबते. इथे मला या प्रकरणाचा गाभा सापडला असं वाटतं. ताठ कडी अंतर धरून ठेवते. झाकणाला अंतराची गरज नसते, दाबाची असते. जिवंत लाकडावर कायम तोच दाब हवा असेल तर कडीच्या साखळीत कुठेतरी मुद्दाम लवचिक दुवा ठेवावा लागतो, आणि तो लाकडाच्या हालचालीपेक्षा कितीतरी पट जास्त लवणारा असावा लागतो.

दाब किती हवा, हेही मोजलं. झाकणावर वजनं ठेवत गेलो. रबर सगळीकडे दीड मिलिमीटर दबलं तेव्हा ९ किलो झाले होते.

पाती

मग कड्या झाकणावरून काढूनच टाकल्या. झाकणाच्या वरून, आडपट्टीला काटकोनात, रेषेच्या दिशेने जाणारी एक वाकडी पाती टाकली. पातीचं एक टोक टबाच्या बाहेरच्या कोयंड्यात अडकतं, दुसऱ्या टोकाला एकच टॉगल कडी. पाती मध्यावर आडपट्टीला दाबते, आडपट्टी तो दाब आडव्या बाजूंना नेते, आणि रेषेच्या दिशेने झाकण स्वतःच पुरेसं ताठ असतं. जुन्या लाकडी भांड्यांत दोन समोरासमोरच्या फळ्या उंच ठेवून, त्यांना भोकं पाडून, त्यांतून दांडा घालून झाकण दाबतात. मूळ कल्पना तिथलीच आहे. कडी झाकणाला जोडलेलीच नसली की झाकणाने रुंदीत काय करावं हा त्याचा प्रश्न राहतो.

पाती पहिल्यांदा ॲश लाकडाची केली, ३० मिमी रुंद आणि ९ मिमी जाड, मध्ये ६ मिमीची कमान. ॲश लवचिक असतं, हत्यारांच्या दांड्यांना म्हणूनच घेतात. सुरुवातीला ती उत्तम चालली. पण सतत दाबाखाली राहणारं लाकूड हळूहळू त्याच आकाराला सरावतं, आणि मध्ये ओलावा वर-खाली होत असेल तर आणखी लवकर. तीन महिन्यांत कमान साडेतीन मिलिमीटरवर आली. मला लाकडाचीच पाती हवी होती, दिसायलाही ती शोभत होती, तरी सोडून दिली.

शेवटी ३०४ ची ४० × ३ मिमीची पट्टी घेतली, टेकूंमधलं अंतर ४०० मिमी, कमान ७ मिमी. अशा पट्टीला मध्ये एक मिलिमीटर वाकवायला साधारण १.३ किलो लागतात, म्हणून ७ मिमीला ९ किलोच्या आसपास. लाकूड ०.९ मिमी हललं तर दाबात १.२ किलोचा फरक पडतो, सात-आठव्या हिश्श्याइतका. रबराला तो कळतही नाही, हाताला जेमतेम कळतो. पट्टीतला ताण तिच्या कायम वाकण्याच्या मर्यादेपेक्षा बराच खाली राहतो, म्हणून कमान टिकते.

राहिला प्रश्न कोयंडा आणि कडी टबाला कशावर बसवायची. फळ्यांत स्क्रू नको होते. वरच्या पोलादी पट्ट्यालाच दोन्ही रिव्हेट केले. इथे टबाचा आकार तपासल्याशिवाय हात घालू नये. हा टब वर रुंद आणि खाली अरुंद आहे, पट्टे खालून चढवून वर ठोकलेले. पाती पट्ट्याला वर ओढते, म्हणजे रुंद भागाकडे, आणि पट्टा आणखी घट्ट होतो. उलट, तोंडाशी निमुळता होत जाणारा टब असता तर हीच ओढ पट्ट्याला सैल करत गेली असती, आणि कोरड्या दिवसांत फळ्या आकसल्यावर पट्टा कडीसकट हातात आला असता. तशा टबाला पट्टा फळ्यांना आरपार बोल्टने बांधावा लागेल, आतल्या बाजूला बोल्टचं सपाट डोकं फळीत बुडवून.

मुठीला एक भोक पाडून त्यात खिट्टी दिली, टब उचलून नेताना मूठ कशाला लागून उघडू नये म्हणून. फास आट्यांचा, म्हणजे फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारा घेतला, कारण दोन टब कधीच तंतोतंत सारखे होत नाहीत.

ओला आणि कोरडा, दोन्ही काळ आता होऊन गेले आहेत. दोन्ही वेळा कागदाची पट्टी रबरावर ठेवून झाकण बंद केलं आणि ओढून पाहिली. आठ जागी तपासलं, आठही जागी ती अडली. टब हवाबंद झालेला नाही, आणि लाकडी टब तसा होणारही नाही. फळ्यांमधूनच ओलावा सावकाश ये-जा करत असतो. किडा आणि सांडणं, एवढ्यापुरतीच ही कडी आहे. रबर दर वेळी टब रिकामा झाला की काढून धुवावं लागतं, खाचेत पिठाची बारीक पूड बसते. बाई आता पाती एका हाताने लावतात.

जुन्या कड्यांची भोकं ओकच्या खुंट्यांनी बुजवली. त्यांच्याभोवतीचे काळे डाग तसेच आहेत. रंध्याने ते घालवायचे तर फळ्यांची दीड मिलिमीटर जाडी गेली असती, आणि वरच्या पट्ट्याखाली मला ती जाडी हवी होती.